पोरीनं सांगितलं, ऐकलं कोणी?

 

आजचा विषय जड आहे. लहान लेकरांवर होणारा लैंगिक अत्याचार, आणि त्यातून वाचलेल्या पोरींचं म्हणणं आपल्या समाजानं कसं ऐकलं, किंवा कसं ऐकलं नाही, याचा इतिहास आज सांगायचा आहे. ऐकता ऐकता कोणाला आपलंच काही आठवलं, जीव घाबरा झाला, तर खुशाल उठा, पाणी प्या, शेजारच्या मैत्रिणीचा हात धरा. बाकीचं नंतर ऐकता येईल.

प्रकटदिनाला, रामनवमीला आपल्या शेगावात गर्दी लोटते. तेव्हा प्रत्येक माय लेकराचा हात घट्ट धरून चालते. गर्दीतला अनोळखी माणूस काही करील, ही भीती तिच्या मनात असते. ती भीती खोटी नाही. पण २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र धरून १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींना त्यात विचारलं होतं. त्यातल्या ५३ टक्के लेकरांनी सांगितलं, की आपल्यासोबत कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाला आहे. मुली होत्या, तितकेच मुलगेही होते. करणाऱ्यांपैकी निम्मे लोक लेकरांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक लेकरांनी ही गोष्ट तोवर कोणालाच सांगितली नव्हती.

आपण लगेच म्हणतो, "पण पोरगी बोललीच नाही ना!" जुन्या गोष्टी काढून पाहिल्या तर वेगळंच दिसतं. पोरी बोलत होत्या. कधी तोंडानं, कधी रडून, कधी एखाद्याच्या घरी जायला नाही म्हणून. ऐकणारं माणूस मिळालं की गोष्ट पुढे सरकली, आणि नाही मिळालं की पोरीवरच बोट आलं. हा इतिहास आपल्याच जिल्ह्यापासून सुरू करू.

बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. निमित्त होतं सुरतच्या एका खटल्याचं. तिथल्या एका तरुण विधवेला दिवस गेले, तिनं जन्मलेलं बाळ मारलं, आणि १८८१ साली कोर्टानं तिला फाशी सुनावली. ती पुढे कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायांच्या चालीरीतीवर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंना याचा संताप आला. त्यांचं विचारणं साधं होतं: बाईला या वळणावर आणणारा पुरुष कुठं गेला? त्याच्यावर खटला का नाही? दोष दोघांचा असेल, तर तोंड एकटीनंच का लपवायचं?

त्या काळात आठ-दहा वर्षांच्या पोरींची लग्नं होत, आणि नवरा मेला की त्या पोरवयातच विधवा होत. घरातल्याच दीर-सासऱ्याची, नात्यातल्या पुरुषाची नजर त्यांच्यावर पडे. दिवस गेले की नदी, विहीर नाहीतर घराबाहेर, एवढ्याच वाटा उरत. हे ओळखून सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अशा विधवांनी तिथं यावं, सुखरूप बाळंत व्हावं, हा त्याचा हेतू होता. "तुझ्यावर कोणी हात टाकला?" हे विचारून तिची परीक्षा घेण्याआधी तिला आसरा देणारं ते घर होतं.

ताराबाईंच्या पुस्तकावर टीका झाली. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंनी दुसरं काही लिहिलेलं मिळत नाही. त्यांचं पुस्तकही विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा छापलं तेव्हा ९३ वर्षं उलटून गेली होती. आपल्या जिल्ह्यातली एक बाई स्पष्ट बोलली, आणि तिचं म्हणणं लोकांच्या हाती नीट यायला इतकी वर्षं लागली.

त्याच सुमाराला मुंबईत रखमाबाईंचा खटला चालू होता. त्यांचं लग्न ११ व्या वर्षी झालेलं. त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या, आणि मोठ्या झाल्यावर म्हणाल्या, की ज्या लग्नाला मला काही कळत नसताना बसवलं, ते मला मान्य नाही. नवऱ्यानं १८८४ साली कोर्टात दावा लावला. मार्च १८८७ मध्ये हायकोर्टानं हुकूम दिला, की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, मी तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. खटला चालू असतानाच, १८८५ मध्ये, त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर पत्रं लिहिली होती. ती स्वतःच्या नावानं लिहिली नाहीत. खाली सही होती 'एक हिंदू स्त्री'. नाव लपवलं, तेव्हा कुठं म्हणणं छापलं गेलं.

कायदा काय म्हणत होता तेही पाहा. १८६० च्या दंडसंहितेत संमतीचं वय फक्त १० वर्षं होतं. म्हणजे लग्न झालेली मुलगी १० वर्षांची झाली, की नवऱ्यानं जबरदस्ती केली तरी तो बलात्कार धरला जात नसे. १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली, तरी त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. मग दवाखान्यांत काम करणाऱ्या ५० हून अधिक डॉक्टर बायांनी सरकारकडे अर्ज दिला, आणि आपल्याकडे कसल्या अवस्थेतल्या पोरी आणल्या जातात ते लिहून कळवलं. १८९१ मध्ये हे वय १० चं १२ झालं. एवढ्याशा बदलालाही मोठा विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत लोकमान्य टिळकही होते. धर्मात आणि घरात सरकारनं पडू नये, असं त्यांचं म्हणणं. घराचा मान, धर्माचा मान, सरकारचा अधिकार, सगळ्यांची चर्चा झाली. ज्या पोरीच्या अंगावर हे घडत होतं, तिला कोणी विचारलं नाही.

आता आपल्या विदर्भातली गोष्ट. वडसा-देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसानं बलात्कार केला. डॉक्टरांनी तिचं वय १४ ते १६ च्या दरम्यान सांगितलं. देशभर हे 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखलं जातं. मायबाप नसलेली, भावाकडे राहणारी, लोकांच्या घरी काम करून पोट भरणारी ही पोरगी. घरगुती तक्रारीच्या जबाबासाठी तिला ठाण्यात बोलावलं होतं. रात्री साडेदहाच्या सुमारास जबाब संपले. बाकीच्यांना जायला सांगितलं आणि तिला एकटीला मागे ठेवलं.

या गोष्टीतल्या एका बाईकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. मथुरा जिच्या घरी कामाला जायची, ती बाई ठाण्याबाहेर थांबली होती. दिवे गेले, दार आतून बंद झालं, हे तिनं पाहिलं. तिला शंका आली. ती ठाण्याच्या मागच्या बाजूला गेली, पोरीचं नाव घेऊन हाका मारू लागली. आरडाओरडा ऐकून लोक जमले. थोड्या वेळानं मथुरा बाहेर आली आणि काय झालं ते तिनं तिथंच सांगितलं. त्या बाईनं तिला डॉक्टरकडे नेलं. लोक इतके चिडले, की ठाणं जाळायची भाषा झाली. तेव्हा कुठं तक्रार लिहून घेतली गेली.

म्हणजे पोरगी लगेच बोलली, एका बाईनं लगेच ऐकलं, गावानंही ऐकलं. पुढे कोर्टात काय झालं? १९७४ मध्ये सेशन कोर्टानं पोलिसांना सोडलं, आणि पोरीलाच खोटारडी ठरवलं. १९७६ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. भीतीनं गप्प राहणं आणि राजीखुशी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं म्हणून शिक्षा दिली. पण १५ सप्टेंबर १९७८ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा आरोपींना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं पटत नाही, तिला आधीपासून शरीरसंबंधाची सवय होती, असा त्या निकालाचा सूर होता.

बायांनो, विचार करा. रात्रीची वेळ, बंद ठाणं, समोर वर्दीतला माणूस, आणि पोरगी गरीब, आदिवासी, वय पंधराच्या आसपास. तिनं झटापट करून जखमा दाखवायच्या, तरच तिचं खरं!

हाच मुद्दा घेऊन १६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी देशाच्या सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातले धागमवार आणि केळकर आपल्या पुण्याचे. ते पत्र हातोहात फिरलं. मुंबईत बायांनी बलात्कारविरोधी मंच उभा केला. नागपुरात सीमा साखरे आणि त्यांच्या सोबतच्या बायांनी हा विषय लावून धरला. ८ मार्च १९८० ला मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली, अशा कितीतरी शहरांत बाया रस्त्यावर उतरल्या. मथुरेचा निकाल काही बदलला नाही. तिच्या वाट्याला न्याय आला नाही. पण १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात, तुरुंगात असा अत्याचार झाला आणि बाई म्हणाली "माझी संमती नव्हती", तर कोर्टानं तिचं म्हणणं आधी खरं धरायचं, असं ठरलं. खटला बंद खोलीत चालवायचा, बाईचं नाव छापायचं नाही, हेही तेव्हाच आलं.

ही लढाई ठाण्यातल्या, रस्त्यावरच्या अत्याचाराची होती. घराच्या चार भिंतींतलं बाहेर यायला अजून वेळ लागला. १९९६ मध्ये दिल्लीत राही नावाची संस्था सुरू झाली. लहानपणी नात्यातल्या माणसानं अत्याचार केला होता अशा, आता मोठ्या झालेल्या बायांचं तिथं ऐकून घेतलं जाऊ लागलं. त्याच साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून १०९८ ही लेकरांसाठीची हेल्पलाइन निघाली. २००० साली पत्रकार पिंकी विराणी यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं आणि त्यात स्वतःवर गुदरलेलंही सांगितलं. २०१२ मध्ये मुंबईचे हरीश अय्यर टीव्हीवर, सगळ्या देशासमोर बोलले: सातव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत माझ्यावर अत्याचार झाला. मुलग्यांनाही हे भोगावं लागतं, हे कित्येक घरांत त्या दिवशी पहिल्यांदा कानावर पडलं.

या लोकांनी एक शब्द बदलला. आपण काय म्हणतो? "पोरीची अब्रू गेली", "इज्जत लुटली", "पोरगी नासली". चोरी झाली तर आपण चोराला नावं ठेवतो. इथं ज्याच्यावर घाव झाला त्याचंच काहीतरी गेलं, असं बोलतो. म्हणून लेकरू गप्प राहतं. त्याला कळतं, की मी सांगितलं तर घराची अब्रू माझ्यामुळे जाईल. बायांच्या चळवळीनं म्हटलं, तिचं काही गेलेलं नाही. गुन्हा त्याचा, लाजही त्याची. ती यातून वाचली आहे, टिकली आहे. तिच्याकडे पाहताना कीव नको, भरवसा पाहिजे.

२०१२ सालीच पॉक्सो कायदा आला. १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो लागू आहे. शिक्षा काय, हे आपल्याला माहीत असतं. पण लेकराचं ऐकायचं कसं, हेही या कायद्यानं लिहून ठेवलं आहे, ते पाहण्यासारखं आहे. जबाब लेकराच्या घरी किंवा ते म्हणेल तिथं घ्यायचा. शक्यतो महिला फौजदारानं, वर्दी न घालता घ्यायचा. आईबाप किंवा लेकराच्या विश्वासातलं माणूस जवळ असलं पाहिजे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. कोर्टात तिला आरोपीचं तोंड पाहावं लागू नये. तिच्या चालचलणुकीवर घाव घालणारे प्रश्न विचारायचे नाहीत. आणि कोणत्याही कारणानं लेकराला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. हे शेवटचं वाक्य वाचलं की देसाईगंजची ती रात्र आठवल्याशिवाय राहत नाही.

लग्नाची पळवाटही आता उरली नाही. १८ वर्षांखालच्या बायकोशी नवऱ्यानं ठेवलेला संबंधही बलात्कारच, असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितलं. १८९१ मध्ये १० चे १२ करताना देश पेटला होता. तिथून इथवर यायला सव्वाशे वर्षं लागली.

कायदा आला म्हणून सगळं ठीक झालं असं नाही. २०१६ च्या दिवाळीच्या सुमारास आपल्या शेजारच्या खामगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेची गोष्ट उघडी पडली. शाळेचं नाव मुद्दाम घेत नाही, लेकरांची ओळख पटेल असं काही सांगायला कायद्यानं बंदी आहे. सुट्टीत घरी आलेल्या एका आदिवासी मुलीनं घरच्यांना सांगितलं, घरच्यांनी ऐकलं, आणि प्रकरण बाहेर आलं. शाळेतले कर्मचारी आणि मुख्याध्यापकही पकडले गेले. मोठमोठ्या माणसांच्या ताब्यातलं ते ठिकाण. ते उघडं पडलं एका पोरीच्या सांगण्यानं.

नागपूरचं प्रकरण तर देशभर गाजलं. एका १२ वर्षांच्या मुलीला शेजारच्या माणसानं पेरूचं आमिष दाखवून घरात नेलं. आई शोधत आली. तो म्हणाला, इथं नाही. आईचं समाधान झालं नाही. ती वर गेली, बंद खोली उघडली, पोरगी रडत होती. पोरीनं सांगितलं, आईनं ऐकलं आणि तिला घेऊन सरळ पोलिसांकडे गेली. खालच्या कोर्टानं पॉक्सोखाली शिक्षा दिली. पण जानेवारी २०२१ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं, की कपड्यांवरून हात लावला, कातडीला कातडी लागली नाही, म्हणून हा पॉक्सोतला गुन्हा नाही. देशभर संताप झाला. १८ नोव्हेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला. हात लावणाऱ्याचा हेतू पाहायचा, मध्ये कापड होतं की नव्हतं हे नाही, असं स्पष्ट केलं.

१९७२ मध्ये अंधाऱ्या ठाण्याबाहेर हाका मारणारी ती बाई, आणि बंद दार उघडणारी ही आई. दोघींच्या मध्ये जवळपास ४५ वर्षं आहेत. दोघींनीही एकच काम केलं. पुरुषानं सांगितलेलं "इथं काही नाही" त्यांनी खरं मानलं नाही.

आता आपल्या गटाचं काम काय? लेकरू काही सांगू लागलं, तर हातातलं काम ठेवून ऐका. "तू तिथं गेलीच कशाला", "आधी का नाही सांगितलं", हे दोन प्रश्न तोंडातून काढू नका. उशिरा सांगितलं म्हणून ते खोटं होत नाही. म्हणा, "बरं केलं मला सांगितलं. तुझी काही चूक नाही." पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. "कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण पुढे सांगावं लागणार आहे. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळून ठेवा. सरकारी असो की खाजगी, दवाखान्यानं उपचार फुकट करायचे आहेत. १०९८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे लागत नाहीत. जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट वकील मिळतो, आणि मनोधैर्य योजनेतून मदतीसाठी अर्जही तिथंच करता येतो.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. पॉक्सोखाली गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. पण करणारा घरातलाच असला, कमावता असला, तर माय काय करील? तो आत गेला की चूल बंद. सासर तिलाच घराबाहेर काढणार. अशा वेळी मायला भेकड म्हणणं सोपं असतं. तिला चार महिन्यांचं रेशन, गटातून कर्ज, पोरीला घेऊन राहायला एक खोली, तालुक्याला जाताना सोबत दोन बाया, एवढं मिळालं तर तीच माय उभी राहते. सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये आधी घर काढलं होतं, हे विसरू नका.

आणि आपल्यातल्या ज्या बाया आज चाळीस-पन्नासच्या आहेत आणि लहानपणचं ओझं अजून छातीवर घेऊन फिरतात, त्यांच्यासाठी. तुमचं सांगायचं वय निघून गेलेलं नाही. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते. पण तक्रार करायची की नाही, हे तुमच्या हातात. नुसतं एका भरवशाच्या बाईला सांगितलं, तरी चालेल. सांगायचं नसेल, तरी तुम्ही खऱ्याच आहात.

पुढच्या मीटिंगमध्ये बचतीचा हिशेब झाला, की दहा मिनिटं काढा. गावातल्या लेकरांनी भरवशानं कोणाकडे जावं, अशा दोन बायांची नावं ठरवा, आणि ती अंगणवाडीत, शाळेत लेकरांना सांगा. कोणाची नावं ठरली, ते आम्हाला कळवा.